आधी कांडी

सोमवार, २ मार्च

चि. भाचीस,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखून दचकली असशील, म्हणून आधीच सांगतो की घरी कुणाला काही झालेलं नाही. गुडघा सोडला तर तुझी मामी धडधाकट आहे. मी ठीक. ताई दर रविवारी फोन करते आणि न विचारता तुझी बातमी सांगते. त्यामुळे तुला बढती मिळाल्याचं, तू खोली बदलल्याचं, चष्म्याचा नंबर वाढल्याचं सगळं मला ठाऊक आहे. मी विचारत नाही, पण ती सांगते तेव्हा फोन मामीकडे देतही नाही.

सहा वर्षांनी मामाला पत्र लिहावंसं वाटलं ते कामासाठी, असं म्हणशील. म्हण. काम आहेच.

आमच्या कारखान्याने तुमच्या कंपनीचा ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला आहे, 'लेथ आणि मोजमाप, पातळी एक'. मागच्या महिन्यात मी घरी जेवणाच्या टेबलावर पहिला पाठ लावला आणि अर्ध्या मिनिटात आवाज ओळखला. आता बोलणं सावकाश झालंय, शब्द सुटे झालेत, पण 'मायक्रोमीटर' म्हणताना 'क्रो'वर उगाच जोर द्यायची खोड माझी आहे, आणि ती तू माझ्याकडूनच उचललीस. स्वयंपाकघरातून मामी ओरडली, "अहो, पोरीचा आवाज आहे की हा!" मी म्हटलं, "ऐकू दे."

इथली परिस्थिती तुला साधारण कळली असेलच. पंपांची मागणी निम्म्यावर आली आहे. पाळी एकच चालते आणि आठवड्यातले चार दिवसच काम असतं. शुक्रवारी यंत्रं बंद ठेवतात आणि माणसांना कॅन्टीनमध्ये बसवून फोनवर शिकायला लावतात. पॅकिंगवाला लेथ शिकतोय, लेथवाला स्टोअरची नोंद शिकतोय. जो एकच काम जाणतो त्याचं नाव यादीत आधी येतं, एवढं सगळ्यांना समजलं आहे. आपली प्रशिक्षणाची खोली जानेवारीत बंद झाली. सहा शिकाऊ लेथांपैकी चार विकले, दोन मुख्य शॉपच्या कोपऱ्यात नेऊन ठेवले. खोलीत आता रिकाम्या खोक्यांची थप्पी आहे. आम्ही तिघे शिकवणारे होतो. दोघांना घरी पाठवलं, मी उरलो. का उरलो हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तर अभ्यासक्रम. एकूण चांगला आहे. मी सगळे चौदा पाठ दोनदा पाहिले आणि वहीत टिपणं काढली. चुका पुढीलप्रमाणे.

तिसऱ्या पाठातल्या चित्रात लेथवर उभ्या असलेल्या माणसाच्या बोटात अंगठी आहे. फिरत्या यंत्रापाशी अंगठी म्हणजे बोट गहाण. चौथ्या पाठात चकची किल्ली चकमध्ये तशीच अडकवलेली दिसते, मी घड्याळ लावून पाहिलं, अकरा सेकंद. तेवढ्यात कुणी यंत्र चालू केलं तर ती किल्ली समोरच्याच्या कपाळात बसेल. पाचव्यात धातूचा कीस हाताने बाजूला सारलाय, तिथे ब्रश हवा. आणि सगळ्या पाठांमागे जे संगीत चालू असतं ते काढून टाक. हत्यार नीट कापतंय की रडतंय हे कानाला कळतं. तू तर कानच बंद केलास.

पाचवी गोष्ट परीक्षेतला सतरावा प्रश्न. 'शाफ्ट मोजल्यावर ठरलेल्या मापापेक्षा कमी भरला. सर्वांत आधी काय कराल?' पर्याय अ, शाफ्ट नापास करून बाजूला ठेवा. पर्याय ब, मोजण्याचं साधन कांडी लावून तपासा. पुढचे दोन पर्याय असेच भरतीचे आहेत. तुम्ही ब बरोबर धरता. माझं म्हणणं असं की ज्याने सकाळी साधन तपासलं आहे त्याने कमी भरलेला शाफ्ट बाजूला ठेवावा. प्रत्येक शाफ्टला साधनावर शंका घेत बसला तर दिवसभरात चार नग होणार नाहीत. प्रश्न संदिग्ध आहे. बदलावा.

'कांडी' हा शब्द मात्र तू तसाच ठेवलास. पुस्तकात तिला लांबलचक नाव आहे. तुझी व्याख्या मी उतरून घेतली आहे: 'बरोबर पंचवीस मिलिमीटर लांबीची गुळगुळीत पोलादी सळी, मायक्रोमीटरच्या जबड्यात धरल्यावर पंचवीसच दिसलं तर साधन खरं.' व्याख्येत दोष नाही. तिला कांडी म्हणायला मी सुरुवात केली, मला ते लांबलचक नाव वाचता येत नव्हतं तेव्हा. आता कुठल्या कुठल्या कारखान्यांत माणसं तिला कांडी म्हणत असतील, आणि त्यांना वाटेल तेच तिचं खरं नाव आहे.

बाकी विशेष नाही. तब्येतीला जप. चष्मा लावूनच काम करत जा.

कळावे,
तुझा मामा
(मुख्य प्रशिक्षक. पद अजून आहे, खोली नाही.)


बुधवार, ११ मार्च

चि. भाचीस,

आशीर्वाद. तुझं उत्तर परवा सोमवारी मिळालं. टाइप केलेलं, साडेसहा ओळी. अंगठी, किल्ली आणि ब्रश यांची चित्रं बदलली, संगीत काढलं, सूचनांबद्दल आभार. 'प्रश्न क्रमांक सतरा तसाच राहील.' वर 'आदरणीय सर', खाली तुझं पद.

मला सगळा कारखाना सर म्हणतो. तू कधी म्हटलं नव्हतंस. पहिल्या दिवशी मी तुला बजावलं होतं की इथे मामा-बिमा चालणार नाही, आणि तू म्हणाली होतीस, "बरं मामा." अकरा शिकाऊंतली एकटी मुलगी, आणि तीही माझी भाची. सगळे हसले होते. परीक्षेच्या दिवशीसुद्धा भर खोलीत मामाच म्हणालीस. असो.

मागच्या पत्रात एक गोष्ट राहून गेली. राहून गेली म्हणजे मी लिहिली नाही. मी ही परीक्षा नापास झालो आहे. दोनदा.

गुण शहाण्णव आहेत, दोन्ही वेळा. पण माप आणि सुरक्षेचे पाच प्रश्न अनिवार्य आहेत, त्यातला एक जरी चुकला तरी नापास, हा नियम तूच केला असशील. नियम योग्य आहे. मी असतो तर मीही तोच केला असता. माझा सतरावा चुकला. दोन्ही वेळा मी अ वर बोट ठेवलं.

मॅनेजरबाई वयाने तुझ्याएवढ्या आहेत, स्वभावाने वाईट नाहीत. दुसऱ्या निकालानंतर मला केबिनमध्ये बोलावलं.

"सर, शंभरात शहाण्णव आहेत तुम्हाला."

"मग झालं तर."

"नाही ना झालं. सतरावा अनिवार्य आहे."

"प्रश्न चुकीचा आहे."

"असेल. पण बरोबर उत्तर कुठलं धरलंय ते तुम्हाला माहीत आहे ना? मग ते दाबा आणि मोकळे व्हा."

मी म्हटलं, "मॅडम, मी सव्वीस वर्षांत दाबायचं म्हणून काही दाबलेलं नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. सांगितलं की एकतीस तारखेनंतर ज्याच्याकडे हे प्रमाणपत्र नसेल त्याला शिकवण्याच्या जागेवर ठेवता येणार नाही, वरून तसं लेखी आलं आहे. आणि या वयात माझ्यासाठी दुसरी जागा त्यांच्याकडे नाही. एकूण तीन प्रयत्न, दोन संपले. तिसरा सत्तावीस तारखेच्या शुक्रवारी. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "अभ्यासक्रम तुमच्या भाचीने केलाय म्हणे. एक फोन करा की. त्या वाढवून देतील प्रयत्न."

मी फोन केला नाही, करणार नाही, आणि हे पत्रही त्यासाठी नाही. हे नीट वाच.

माझं शिक्षण तुला ठाऊक आहे. आठवीनंतर शाळा सुटली. ड्रॉइंग वाचायला शिकलो ते टाकून दिलेल्या ड्रॉइंगांवरून, इंग्रजी मॅन्युअल वाचलं ते शब्दकोश मांडीवर घेऊन, एक पान एका रविवारात. माझ्याकडे कुठलंही प्रमाणपत्र नाही. मी शेकड्याने परीक्षा घेतल्या, दिली एकही नाही. आयुष्यातली पहिली लेखी परीक्षा बावन्नाव्या वर्षी, फोनवर, कॅन्टीनच्या बाकावर बसून, आणि परीक्षक तू.

आता एक चांगली बातमी. पॅकिंगच्या काकू तुला आठवतील, खोक्यांवर चिकटपट्टी अशी लावायच्या की सुरीशिवाय निघत नसे. बावीस वर्षं पॅकिंग केलं. आता त्यांना सांगण्यात आलंय, लेथ शिका नाहीतर घरी बसा. काकूंनी तुझा पाचवा पाठ तीनदा पाहिला आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"बाई चांगलं सांगतात हो, पण हाताला काही कळत नाही."

"काय कळत नाही?"

"तेच कळत नाही ना, काय कळत नाही ते!"

मी मॅनेजरबाईंकडून शुक्रवारी एका लेथची वीज मागून घेतली. काकूंचा फोन यंत्राच्या ट्रेमध्ये उभा केला, पाठ लावला, आणि तू एक वाक्य बोललीस की पाठ थांबवून काकूंनी तेवढंच हाताने करायचं, असं सुरू केलं. थांबवायचं बटण त्यांना सापडत नसे, मग त्या फोनवरच खेकसायच्या, "थांब गं बाये, गाडी सुटत्येय का तुझी?" दुसऱ्या शुक्रवारी तिथे सात जण जमले. आता दोन्ही लेथ चालू असतात, निम्मा वेळ तू बोलतेस आणि निम्मा वेळ यंत्र. मॅनेजरबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "सर, वर स्क्रीनवरचे तास मोजतात, यंत्रावरचे मी कुठे भरू?" मी सांगितलं, त्यासाठी एक रकाना काढा. काढला त्यांनी.

माझ्या हिशेबाने पाचव्या पाठात नऊ ठिकाणी थांबायला हवं. मिनिट-सेकंदांचा तक्ता सोबत जोडला आहे. जिथे पैसा नाही तिथे खोली नसणार, सहा लेथ नसणार, माझ्यासारखा माणूसही बहुधा नसणार. पण कोपऱ्यात एखादं यंत्र असतंच. तिथे जायला कुणीतरी सांगायला हवं. तू सांगू शकतेस.

सतराव्या प्रश्नाबद्दल. पहिल्या खेपेला मी अ वर बोट ठेवलं ते रागाने. मला वाटलं तो प्रश्न तू माझ्यासाठी घातला आहेस. दुसऱ्या खेपेला राग नव्हता. मागे हे सात जण उभे होते, आणि त्यांना मी आठवडाभर छातीठोकपणे सांगत होतो की प्रश्न चुकीचा आहे.

तुझ्या परीक्षेच्या वेळी माझं मायक्रोमीटर किंचित चुकीचं दाखवत असण्याची शक्यता आहे, हे पुढे कधीतरी माझ्या लक्षात आलं होतं. शक्यता म्हणतोय मी.

मामीने तुला विचारलंय.

कळावे,
मामा


रविवार, २२ मार्च

प्रिय टिकटिक,

या नावाने लिहायचा हक्क राहिला आहे की नाही ते ठाऊक नाही. चार वर्षांची असताना तू माझ्या मांडीवर बसून मायक्रोमीटरचा मागचा खुंटा फिरवत बसायचीस, तो टिकटिक वाजेपर्यंत. तीनदा वाजला की मी म्हणायचो बस, आणि तू चौथ्यांदा फिरवायचीस. ताई म्हणायची, खेळणं आणून दे की त्या पोरीला. मी म्हणायचो, याच्याहून चांगलं खेळणं बाजारात नाही.

परवा शुक्रवारी पाचवा पाठ लावला तर नऊ ठिकाणी पिवळी पाटी आली: 'इथे पाठ थांबेल. यंत्रापाशी जा. करून झालं की परत या.' नऊच्या नऊ, माझ्या तक्त्यातल्या सेकंदांवर. चौथी पाटी दोन सेकंद पुढे सरकवली आहेस आणि ते बरोबर आहे, मी तिथे घाई केली होती. काकू पाटीकडे बघून म्हणाल्या, "ऐकू गेलं बाई तिला माझं!" पत्र आलं नाही तुझं. पाट्या आल्या.

त्याच दिवशी मी आणखी एक गोष्ट केली. पण ती सांगण्याआधी मागच्या पत्रातलं एक वाक्य दुरुस्त करायचं आहे. तुझ्या चित्रातल्या अंगठीवर बोट ठेवणाऱ्याने स्वतःचं असलं वाक्य पोस्टात टाकायला नको होतं.

'पुढे कधीतरी' असं मी लिहिलं. पुढे कधीतरी नव्हे. त्याच दिवशी, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी. 'शक्यता' असं लिहिलं. शक्यता नव्हे. आणि संध्याकाळी पाच दहा हेही पूर्ण खरं नाही, ते दुपारी एकला सुरू होतं.

सकाळी दहा जणांचे शाफ्ट मोजून झाले होते. अकरावी तू. तुला मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, मामाने भाचीला आधी उरकून घेतलं असं कुणी म्हणू नये म्हणून. जेवणाची सुट्टी झाली, सगळे कॅन्टीनला गेले. मी माझं मायक्रोमीटर पुसत होतो. ते हातातून निसटलं आणि फरशीवर पडलं. कोपऱ्यावर. असा आवाज झाला की मला तो आजही ऐकू येतो. खोलीत कुणी नव्हतं. मी ते उचललं, पुसलं, वर धरून बघितलं आणि खिशात घातलं.

पडलेलं साधन कांडी लावल्याशिवाय वापरायचं नाही. हा नियम त्या खोलीच्या भिंतीवर माझ्याच हस्ताक्षरात लावलेला होता. कांडीची पेटी टेबलावर, हाताच्या अंतरावर होती. पण तेवढ्यात तुम्ही सगळे परत आलात. सर परीक्षेच्या मध्येच साधन तपासतायत म्हटल्यावर पोरांनी विचारलं असतं, का हो सर, पडलं का? आणि सहा महिने मी त्यांना सांगत आलो होतो की ज्याच्या हातून साधन पडतं तो कारागीर नव्हे.

तुझा शाफ्ट हवा होता २९.९६ ते २९.९८ च्या आत. माझ्या मापात भरला २९.९४. तू तुझ्या मापाने पुन्हा मोजलास, म्हणालीस, "मामा, माझ्याकडे सत्त्याण्णव येतंय. एकदा कांडी लावून बघा ना."

मी जे म्हणालो ते तुला पाठ असेल. मलाही आहे. "हे माप वीस वर्षं माझ्या खिशात आहे. याला कांडी लावायची गरज नाही, लावायची तर तुझ्या डोक्याला लाव." पोरं हसली. मी हसू दिलं. नोंदवहीत तुझ्या नावापुढे नापास लिहिलं, आणि तू हातातलं फडकं नीट घडी करून टेबलावर ठेवलंस आणि गेलीस. ती घडी घातली नसतीस, फेकलं असतंस, तर मला सोपं गेलं असतं.

पाच वाजून दहा मिनिटांनी खोली रिकामी झाल्यावर मी कांडी लावली. पंचवीसच्या जागी चोवीस सत्त्याण्णव. पडल्यामुळे फ्रेम किंचित उघडली होती, ते प्रत्येक माप तीन शतांश कमी दाखवत होतं. मग मी भंगाराच्या डब्यातून तुझा शाफ्ट शोधून काढला आणि दुसऱ्या मायक्रोमीटरने मोजला. तुझं माप बरोबर होतं.

बस साडेपाचलाच असायची, तू त्या वेळी बसस्टॉपवर असशील. मी पळत आलो असतो तर गाठलं असतं. दुसऱ्या दिवशी साहेबांकडे जाऊन सांगितलं असतं तर निकाल बदलला असता. शॉपमध्ये अकरा जागा होत्या, दहा भरल्या गेल्या. अकरावी महिनाभर रिकामी होती. रोज मी तिच्यासमोरून जात होतो.

पुढे तुला या कंपनीत काम लागलं. त्या दहांपैकी सहा जण या मंदीत घरी बसले आहेत. मामी म्हणते, एका परीने पोरीचं भलंच झालं. मामीला फरशीवरचा आवाज ठाऊक नाही. मला ठाऊक असूनही मी सहा वर्षं तिच्या त्या वाक्याच्या आडोशाला बसून राहिलो. तुझं भलं तू केलंस. त्यात माझा वाटा शून्य.

ते मायक्रोमीटर मी पुन्हा वापरलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचो, जुनं झालंय, घरी ठेवलंय.

आता शुक्रवारची गोष्ट. दुपारी पाठ संपल्यावर मी घरून आणलेलं फडकं उलगडलं, आत जपून ठेवलेला तुझा शाफ्ट टेबलावर ठेवला आणि काकूंना म्हटलं, "मोजा." सातही जण होते, मॅनेजरबाई रकाना भरायला आल्या होत्या.

काकूंनी हात पुसले. मायक्रोमीटर उचललं, शाफ्टकडे हात गेला, थांबला. स्वतःशीच पुटपुटल्या, "आधी कांडी." पेटी उघडली, कांडी लावली, पंचवीस दिसलं, मग शाफ्ट धरला. खुंटा तीनदा टिकटिक झाला. चष्मा वर-खाली करून वाचलं.

"एकोणतीस सत्त्याण्णव. बरोबर आहे की हो. कुणी केलाय? छान झालाय."

"माझ्या भाचीने. मी नापास केला होता."

मग मी सांगितलं, आत्ता तुला लिहिलं तसंच, एक वाजल्यापासून. सतरावा प्रश्न बरोबर आहे आणि मी इतके दिवस तुम्हाला खोटं सांगितलं, हेही सांगितलं. सांगताना मी शाफ्टकडे बघत होतो, माणसांकडे नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, "सर, पण तेव्हा आम्हीपण हसलो..." आणि वाक्य सोडून दिलं. तो त्या दहांपैकी एक होता. त्या दिवशी हसलेला.

काकूंनी मायक्रोमीटर पेटीत ठेवलं. म्हणाल्या, "पोरीला सांगितलंत हे?"

"नाही."

"मग आम्हाला कशाला सांगत बसलात? आम्ही काय करणार?"

त्या बाईकडून पॅकिंग शिकायला हवं होतं मी. एक पट्टी जास्त लावत नाहीत.

सत्तावीसला मी परीक्षा देईन आणि सतराव्यात ब दाबीन. दाबायचं म्हणून नव्हे. पण ती परीक्षा मी पत्राच्या नंतर ठेवली आहे, आधी नाही. हे पत्र उद्या पोस्टात पडेल, तुला बुधवारी-गुरुवारी मिळेल. माझी जागा राहिली तर काकू आणि बाकीची मंडळी पुढचे पाठ माझ्याबरोबर करतील. गेली तर काकू त्यांना करून दाखवतील, त्यांच्या हाताला आता कळतं. त्याची काळजी करू नकोस. आणि या पत्रापायी माझ्यासाठी तुझ्या ऑफिसात कुणाकडे एक शब्दही टाकू नकोस, नाहीतर मी हे लिहिल्याचा अर्थच राहणार नाही. माफ कर असं मी वरती कुठे लिहिलेलं नाही, पुन्हा वाचून पाहिलं. मला तो शब्द लिहायची सवय नाही, म्हणून वेगळ्या ओळीवर लिहितो.

मला माफ कर.

उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

सोबत दोन वस्तू पाठवतो आहे. एक, नोंदवहीचं ते पान. वही आता कुणालाच नको होती, खोक्यांच्या थप्पीखाली सापडली. तुझ्या नावापुढचा शेरा मी एका रेघेने खोडला आहे, खालचं वाचता येईल असा, आणि बाजूला 'पास' लिहून आजची तारीख घातली आहे. शिक्का कारखान्याने परत घेतला, म्हणून नुसती सही. या कागदाला आता कुठेही किंमत नाही, हे मला कळतं. तरी नोंद बरोबर असावी.

दोन, तुझा शाफ्ट. वजन सहाशे पासष्ट ग्रॅम. तेल लावून मेणकागदात गुंडाळला आहे. हाताळलास तर पुसून ठेव, बोटांच्या ठशांवरून गंज धरतो. सहा वर्षांत एक ठिपका पडू दिलेला नाही.

तुझा,
मामा

ता. क. : शाफ्ट तूही एकदा मोजून पाहा. आणि आधी कांडी लाव. मी २९.९७ लिहिलंय म्हणून माझ्या शब्दावर जाऊ नकोस.